मोहरीएवढा जीव, कोटींचा हिशेब

खडकाला त्याचं वय कोण विचारतं? तेल शोधणारे विचारतात, भूगर्भाचे नकाशे करणारे विचारतात, विद्यापीठात डोकं खाजवत बसलेले संशोधक विचारतात. आणि उत्तर द्यायला कोण पुढे येतं? डायनासोर? त्याचं एक हाड सापडलं तरी वर्तमानपत्रात पहिल्या पानावर फोटो येतो, मग रोजच्या कामाला तो कुठून पुरणार! रोजच्या कामाला लागतात अगदी बारीक, कुणी ढुंकूनही न पाहणारे जीव. त्यातलाच एक ऑस्ट्रॅकॉड. मोहरीच्या दाण्याएवढा, बऱ्याचदा त्याहूनही लहान. नात्यानं झिंगे-खेकड्यांच्या भाऊबंदकीतला, पण राहतो शिंपल्याच्या थाटात: दोन चुनखडी झाकणं, पाठीवर बिजागरी, आणि धोका दिसला की खट्कन दार बंद.

बिचाऱ्याचं नाव आपल्या शाळेच्या पुस्तकात नाही. पण त्याच्या करामती ऐकाल तर डायनासोर फिका वाटेल.

आधी कुंडली बघू

सर्वसाधारण ऑस्ट्रॅकॉडची लांबी अर्धा ते दोन मिलिमीटर. घराण्यात एक अपवाद आहे, खोल समुद्रातला जायगँटोसायप्रिस. तो चक्क तीन सेंटिमीटरपर्यंत वाढतो, आणि त्याच्या डोळ्यांत भिंगाऐवजी आरसे असतात. काळोखातला मिळेल तेवढा उजेड गोळा करण्यासाठी ही सोय.

पत्ता विचाराल तर जिथे पाणी तिथे ऑस्ट्रॅकॉड. समुद्राचा तळ, खाडी, तळं, विहीर, झरा, भाताचं खाचर, पावसाचं डबकं. काही जाती तर जंगलातल्या ओलसर पाचोळ्यातच संसार थाटतात. आजवर जिवंत आणि नामशेष मिळून सुमारे ६५ हजार जातींची नोंद झाली आहे. घराणं किती जुनं? ४५ कोटी वर्षांहून जुन्या खडकांत त्यांची झाकणं सापडतात. मासे जमिनीवर यायच्या कितीतरी आधीपासून ही मंडळी दार उघड-बंद करत होती.

एक जीव, अठरा झाकणं

खेकड्यासारखं यांनाही वाढायचं असेल तर जुनं कवच टाकावं लागतं. अनेक जातींत अंड्यातून निघाल्यापासून प्रौढ होईपर्यंत आठ वेळा कात टाकली जाते. प्रत्येक वेळी दोन झाकणं मागे पडतात आणि शेवटी स्वतःची दोन. म्हणजे एकच प्राणी तळाच्या गाळात अठरा झाकणं ठेवून जाऊ शकतो. जीवाश्म होण्यासाठी मरावंच लागतं असा यांच्याकडे नियम नाही.

याचा फायदा संशोधक मोठ्या खुबीनं घेतात. एखाद्या थरात सगळ्या वयांची झाकणं सापडली, अगदी बाळापासून प्रौढापर्यंत, तर ती वस्ती तिथलीच. फक्त मोठी झाकणं असतील तर प्रवाहानं बारीक माल वाहून नेलेला. नुसती चिल्लीपिल्लीच असतील तर ती दुसरीकडून वाहत आलेली. दोन्ही झाकणं अजून जोडलेली असतील तर गाळ भराभर साचला असावा. पंचनामा करणाऱ्या फौजदाराला याहून चांगला साक्षीदार मिळायचा नाही.

याचीच नेमणूक का?

खडकाची तारीख सांगायची नोकरी निघाली, तर अर्जदाराच्या पात्रतेच्या अटी कडक असतात. भरपूर संख्येनं सापडायला हवा. दूरवर पसरलेला हवा. ओळखायला सोपा हवा. आणि सगळ्यात मोठी अट: जात लवकर बदलायला हवी, लवकर संपायलाही हवी. एखादी जात जितका कमी काळ जगात टिकली, तितकी तिच्यावरून काढलेली तारीख नेमकी.

ऑस्ट्रॅकॉडच्या झाकणावर ओळखीच्या खुणांची रेलचेल असते. जाळीदार नक्षी, काटे, गाठी, कंगोरे, बिजागरीतले दात, आतल्या बाजूला स्नायू चिकटल्याचे वण, सूक्ष्म छिद्रं. तज्ज्ञ नुसत्या वणांच्या मांडणीवरून घराणं सांगतो.

एक गोष्ट मात्र आधीच स्पष्ट केलेली बरी. ऑस्ट्रॅकॉड 'हा खडक इतक्या कोटी वर्षांचा' असा आकडा सांगत नाही. 'हा थर त्या थराच्या नंतरचा आणि याच्या आधीचा' एवढंच सांगतो. वर्षांचा आकडा येतो किरणोत्सारी मूलद्रव्यांच्या मोजणीतून, राखेचा किंवा लाव्हाचा थर जवळपास असेल तेव्हा. पण असे थर नेहमी कुठे मिळतात? एका ठिकाणी आकडा मिळाला की शेकडो मैलांवरच्या, राखेचा मागमूस नसलेल्या खडकापर्यंत तो पोचवायचं काम हे चिमुकले करतात.

विहिरीत घड्याळ उलटं चालतं

तेलविहीर खोदताना खाली काय होतं ते बघा. पोलादी दात खडकाचा चुरा करत जातात आणि तो चुरा चिखलासारख्या द्रवाबरोबर वर येतो. रिगवर त्याला म्हणतात कटिंग्ज. या चुऱ्यात गुंडाळीदार शंखाचा मोठा अमोनाइट आला तर त्याच्या ठिकऱ्या उडालेल्या असतात, ओळख पटणं मुश्कील. ऑस्ट्रॅकॉड मात्र चुऱ्याच्या एका कणात सुखरूप बसून वर येतो. लहान असण्याचे फायदे!

गंमत पुढे आहे. चुरा वर येताना विहिरीच्या भिंतीतले वरचे कणही खाली ढासळून चुऱ्यात मिसळतात. त्यामुळे एखादी जात किती खोलपर्यंत सापडते याला काही अर्थ उरत नाही, कारण ती वरून पडलेली असू शकते. भरवसा ठेवायचा तो ती खाली जाताना पहिल्यांदा कुठे दिसली यावर. आणि खाली जाताना पहिल्यांदा दिसणं म्हणजे काळाच्या हिशेबात ती शेवटची दिसलेली. तेलवाले म्हणून जन्मतारखा फारशा मोजत नाहीत, मृत्युदिनांवर त्यांचा धंदा चालतो.

प्रयोगशाळेतलं काम त्याहून चिकाटीचं. खडकाचा तुकडा हलकेच फोडायचा, धुण्याचा सोडा किंवा हायड्रोजन पेरॉक्साइड घालून पाण्यात भिजवायचा, गरज पडली तर उकळायचा. गाळ सुटला की ६३ मायक्रॉनच्या चाळणीवर नळाखाली धुवायचा. चाळणीच्या जाळीत आधीच्या नमुन्यातलं एखादं झाकण अडकून राहिलं तर? दोन कोटी वर्षांची चूक व्हायची! म्हणून दोन नमुन्यांच्या मध्ये चाळणी मिथिलीन ब्लूच्या निळ्या पाण्यात बुडवतात. पुढच्या नमुन्यात निळं झाकण दिसलं की समजायचं, हा पाहुणा मागच्या पंगतीतला. इतका साधा आणि इतका फक्कड उपाय क्वचितच पाहायला मिळतो.

मग वाळलेला माल काळ्या ताटलीत पसरून सूक्ष्मदर्शकाखाली घ्यायचा, बारीकात बारीक ब्रशचं टोक ओलं करायचं आणि एकेक झाकण टिपून डिंक लावलेल्या काळ्या, क्रमांकाच्या चौकटींच्या स्लाइडवर ठेवायचं. डिंक पाण्यात विरघळणारा असतो, म्हणजे ओल्या ब्रशनं झाकण पुन्हा उलटवून आतली बाजू बघता येते. या वेळी कुणी शिंकलं तर संशोधकाशी त्याचे संबंध कायमचे बिघडतात.

न बदलणाऱ्याला नोकरी नाही

डार्विन्युला या घराण्याची गोष्ट न्यारी. गोड्या पाण्यातलं हे गुळगुळीत, साधंसुधं झाकण. जीवाश्मांत कोट्यवधी वर्षं नराचा पत्ता नाही. माद्या आपापल्याच मुली जन्माला घालत आल्या, तब्बल २० कोटी वर्षं, असं मानलं जातं. नर-मादी भेटीशिवाय एखादं घराणं इतकं टिकू नये असं उत्क्रांतीचं शास्त्र सांगतं, त्यामुळे जीवशास्त्रज्ञांच्या दृष्टीनं ही मोठीच भानगड. २००६ साली जपानच्या याकुशिमा बेटावरून याच घराण्यातल्या एका जातीचे दोन-चार नर सापडल्याची बातमी आली आणि वादाला पुन्हा फोडणी मिळाली.

जीवशास्त्रज्ञ या घराण्यावर फिदा आहेत. खडकांची तारीख लावणारे मात्र डार्विन्युलाचं झाकण दिसलं की सुस्कारा सोडतात. जे कोट्यवधी वर्षं दिसायला जवळपास तसंच राहिलं, ते तारीख काय सांगणार? आपल्या गडचिरोली जिल्ह्यात सिरोंच्याजवळ कोटा नावाचे चुनखडीचे जुरासिक थर आहेत. तिथे डार्विन्युला सापडतात. तळं गोड्या पाण्याचं होतं हे त्या सांगतात. तारखेचं विचारलं की गप्प.

भटके आणि बोटांचे ठसेवाले

उत्तर जर्मनीच्या सपाट मैदानात शेतातून असे चुनखडीचे दगड निघायचे, की ज्यांचा मूळ खडक आसपास कुठेच नाही. दगड फोडला की आत बायरिखिया नावाचे ऑस्ट्रॅकॉड खच्चून भरलेले. हे घराणं सायल्युरियन काळातलं, आणि त्यांचं माहेर बाल्टिक प्रदेश. हिमयुगातल्या हिमनद्यांनी ते दगड तिथून ढकलत आणले होते. कोणत्या जाती आहेत ते पाहून दगडाचं वयही कळतं आणि बर्फ कुठून आला तेही. बायरिखियाच्या माद्या ओळखणं तर फारच सोपं: त्यांच्या झाकणाला पिल्लं सांभाळायची फुगीर पिशवी असते.

डेव्होनियन काळातल्या खोल समुद्रात एक वेगळीच टोळी होती. त्यांच्या झाकणावर इतक्या बारीक, वळणावळणाच्या रेघा, की त्यांना अंगठ्याच्या ठशावरूनच नाव पडलं. ठसेवाले ऑस्ट्रॅकॉड! जर्मनीतल्या डेव्होनियन शेल खडकांचे विभाग या ठशांवरून पाडले गेले. रेघांचं वळण बदललं की काळ बदलला.

ब्राझीलचा भाऊ गॅबनमध्ये

समुद्री खडकांची तारीख लावायला ऑस्ट्रॅकॉडला स्पर्धक पुष्कळ आहेत. फोरॅमिनिफेरा नावाचे एकपेशी, कवचधारी जीव तर त्यांच्याहून कितीतरी जास्त कामं उरकतात, हे मान्य करायलाच हवं. पण जिथे समुद्र कधी आलाच नाही, त्या जुन्या सरोवरांच्या गाळात फोरॅमिनिफेरा जवळजवळ नसतातच. तिथे ऑस्ट्रॅकॉडचा शब्द चालतो.

ब्राझीलच्या किनाऱ्यालगत समुद्राखाली मिठाचा प्रचंड जाड थर आहे आणि त्याच्या खाली तेल. २००६ साली तिथला तुपी साठा सापडला आणि जगभर गाजला. हे तेल ज्या खडकांत तयार झालं ते क्रिटेशियस काळातल्या सरोवरांचा गाळ. त्या थरांसाठी जागतिक कालमापनाची समुद्री पट्टी लावता येईना, म्हणून ब्राझीलच्या भूवैज्ञानिकांनी स्वतःची पट्टी केली आणि तिच्यावरच्या खुणा आखल्या ऑस्ट्रॅकॉडच्या जातींनी. ईशान्य चीनमधल्या सोंगल्याओ खोऱ्यातही तीच कथा. दाचिंगचं अवाढव्य तेलक्षेत्र १९५९ साली तिथेच सापडलं, आणि तिथल्या सरोवरी थरांची वर्गवारी करायलाही ऑस्ट्रॅकॉडच हाताशी आले.

पण खरा धमाका अटलांटिकच्या पलीकडे होता. १९६०च्या दशकात ग्रेकॉफ आणि क्रोमेलबाइन या संशोधकांनी ब्राझीलच्या बाहिया भागातले आणि आफ्रिकेच्या गॅबनमधले ऑस्ट्रॅकॉड शेजारी शेजारी ठेवले. जाती जुळल्या. थरांचा क्रमही जुळला. गोड्या पाण्यातला हा मोहरीदाणा खारा महासागर पोहून जाईल हे शक्य नाही. म्हणजे मध्ये महासागर नव्हताच. दक्षिण अमेरिका आणि आफ्रिका एकमेकींना चिकटलेल्या होत्या आणि दोन्हीकडे एकाच मुलखातली तळी होती. खंड सरकतात की नाही यावर तेव्हा अजून हमरीतुमरी चालू होती. अशा वेळी ही साक्ष फार मोलाची ठरली.

समुद्र आटल्याची चहाडी

१९७० साली ग्लोमार चॅलेंजर या जहाजानं भूमध्य समुद्राच्या तळाला भोकं पाडली, तर खालून मीठ आणि जिप्सम निघालं. एवढ्या खोल समुद्राच्या तळाशी मिठागर? सुमारे ५५ ते ६० लाख वर्षांपूर्वी भूमध्य समुद्राचा अटलांटिकशी संबंध तुटला आणि तो मोठ्या प्रमाणात आटला, असा निष्कर्ष निघाला. पुष्कळांना तो पचेना. पण त्याच थरांत सायप्रिडिस नावाचा ऑस्ट्रॅकॉड मिळाला, आणि तो राहतो उथळ, निमखाऱ्या पाण्यात. समुद्र खोल असता तर हा तिथे कशाला गेला असता!

सायप्रिडिसची आणखी एक खोड. पाणी जास्त गोडं झालं की त्याच्या झाकणावर गाठी उठतात, आणि क्षारतेनुसार झाकणावरच्या सूक्ष्म चाळणीदार छिद्रांचा आकार बदलतो. म्हणजे जुन्या खाडीचं पाणी किती खारट होतं ते झाकण पाहून सांगता येतं, कोट्यवधी वर्षांनी.

मोठ्यांनी वाचायचा परिच्छेद

ऑस्ट्रॅकॉडच्या खाजगी आयुष्यावर विज्ञानानं जरा जास्तच लक्ष दिलं आहे, पण त्याला इलाज नाही. काही जातींच्या नरांचे शुक्राणू त्यांच्या स्वतःच्या शरीराच्या कित्येक पट लांब असतात. मिलिमीटरभर प्राणी आणि त्याहून लांब शुक्राणू, गुंडाळी करून ठेवलेला. २०२० साली म्यानमारच्या अंबरमध्ये, म्हणजे झाडाच्या गोठलेल्या राळेत, १० कोटी वर्षांपूर्वीची एक मादी सापडली. क्ष-किरणांनी आत पाहिलं तर शुक्राणू जसेच्या तसे. जगातले सर्वांत जुने म्हणून त्यांची नोंद झाली. मादीचं नाव म्यानमारसायप्रिस हुई.

इंग्लंडमधल्या हेरफर्डशरमध्ये ४२.५ कोटी वर्षांपूर्वी ज्वालामुखीची राख समुद्रात पडली आणि तळाचे जीव नाजूक अवयवांसह तिच्यात बंद झाले. आज ते दगडी गोळ्यांच्या रूपात मिळतात. त्यातला प्राणी बाहेर काढता येत नाही, म्हणून संशोधक गोळा केसाहून पातळ थराथरानं घासत जातात, दर थराचा फोटो काढतात आणि संगणकावर प्राणी पुन्हा उभा करतात. या खटाटोपात मूळ जीवाश्म मात्र भुकटी होऊन जातो. २००३ साली अशाच एका ऑस्ट्रॅकॉडचा नर उभा राहिला आणि त्याच्यासोबत जगातलं सर्वांत जुनं, निःसंशय ओळखू येणारं पुरुषेंद्रियही. नाव ठेवणाऱ्यांनी आडपडदा ठेवला नाही. कोलिंबोसॅथॉन एक्प्लेक्टिकॉस या ग्रीक नावाचा अर्थ होतो, 'मोठ्या लिंगाचा अचाट पोहणारा'. शास्त्रज्ञांना विनोदबुद्धी नसते असं कोण म्हणतं?

आयांची बाजूही पक्की. न्यूयॉर्क राज्यात ४५ कोटी वर्षांपूर्वीच्या, सोनेरी पायराइटमध्ये जतन झालेल्या लुप्रिस्का इन्क्युबा या ऑस्ट्रॅकॉडच्या कवचात अंडी आणि पिल्लं आढळली. पोटाशी पिल्लं धरण्याची सवय तेव्हापासूनची.

उजेड पाडणारे

जपानच्या किनाऱ्यावर एक ऑस्ट्रॅकॉड डिवचला की निळा उजेड फेकतो. तिथे त्याला म्हणतात उमि-होतारु, समुद्राचा काजवा. वाळवून भुकटी केली आणि पुढे कधीही पाणी लावलं, की ती पुन्हा चमकते. दुसऱ्या महायुद्धात जपानी लष्करानं ही भुकटी गोळा केली होती. रात्री जंगलात नकाशा बघायला तळहातावर चिमूटभर भुकटी, वर थोडं पाणी, आणि शत्रूला न दिसण्याइतका मंद उजेड.

युद्धानंतर नागोयात ओसामु शिमोमुरा या तरुणानं १९५६ साली या उजेडामागचं रसायन स्फटिकरूपात वेगळं केलं. त्या कामामुळे त्याला अमेरिकेचं निमंत्रण आलं, तिथे तो जेलीफिशच्या उजेडाकडे वळला आणि २००८ साली रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचा मानकरी झाला.

टपालानं आलेला चिखल

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी नॉर्वेचा जीवशास्त्रज्ञ जी. ओ. सार्स वेगवेगळ्या देशांतून वाळलेला चिखल मागवायचा. ऑस्ट्रेलियातल्या डबक्याचा सुका गाळ आजच्या ऑस्लोत पोचला की तो पाण्यात टाकायचा आणि वाट बघायचा. थोड्याच दिवसांत त्यातून ऑस्ट्रॅकॉड पोहायला लागायचे! अनेक जातींची अंडी कोरडी ठणठणीत होऊनही जिवंत राहतात. वाऱ्यावर उडतात, पक्ष्यांच्या पायांना चिकटतात. माशांनी गिळलेल्या ऑस्ट्रॅकॉडच्या पोटातली अंडी माशाच्या विष्ठेतून बाहेर पडल्यावरही उबल्याचं प्रयोगांत दिसलं आहे. काही प्रौढ तर दार घट्ट बंद करून माशाच्या पोटातून सहीसलामत पार होतात.

ही चिवट अंडी लक्षात ठेवा. आता आपण नागपूरला चाललोय.

डॉक्टर, पाद्री आणि टाकळीचे दगड

महाराष्ट्राचा बहुतांश भाग दख्खनच्या काळ्या कातळावर उभा आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखी उद्रेकांचा तो लाव्हा. पण लाव्हा सलग वाहत नव्हता. दोन उद्रेकांच्या मध्ये बराच काळ शांतता असायची, थंड झालेल्या कातळावर पाणी साचायचं, तळी व्हायची, गोगलगायी, मासे, बेडूक, झाडंझुडपं सगळं यायचं. मग पुढचा लाव्हा येऊन त्या तळ्यावर झाकण घालायचा. असे मधले गाळाचे थर म्हणजे आंतरट्रॅपी थर. आणि त्यांत ऑस्ट्रॅकॉड अक्षरशः खच्चून भरलेले आहेत.

त्यांची पहिली दखल घेतली ती एका डॉक्टरनं. मद्रास इलाख्यातला शल्यचिकित्सक माल्कमसन यानं आजच्या तेलंगणातल्या निर्मळजवळच्या सिचेल टेकड्यांतून जीवाश्म गोळा केले आणि १८४० साली लंडनमध्ये सोवर्बी या जीवाश्म-अभ्यासकानं त्यातल्या ऑस्ट्रॅकॉडना नावं दिली: सायप्रिस सिलिंड्रिका आणि सायप्रिस सबग्लोबोसा. यातल्या दुसऱ्या नावाची मजा अशी, की आज भारतातल्या तळ्यांत पोहणाऱ्या एका जिवंत ऑस्ट्रॅकॉडलाही अभ्यासक हेच नाव वापरतात. दगडातला आणि तळ्यातला खरंच एकच का, याबद्दल मला दाट शंका आहे. मधे ६.६ कोटी वर्षं आहेत, थोडीथोडकी नाहीत.

मुंबईतही डॉक्टरच. एच. जे. कार्टर हा मुंबईतला शल्यचिकित्सक १८५२ साली बेटाच्या भूरचनेवर लिहिताना वरळीच्या थरांतले कासव, बेडूक यांच्यासोबत या चिमुकल्यांचीही नोंद करून गेला. वरळीचा तो इवला बेडूक आज इंडोबॅट्रॅकस म्हणून ओळखला जातो. मुंबईचे थर मुख्य उद्रेकांपेक्षा थोडे धाकटे मानले जातात.

नागपुरात मात्र मान पाद्र्यांकडे गेला. स्टीफन हिस्लॉप आणि रॉबर्ट हंटर हे स्कॉटिश मिशनरी. शाळा चालवायची, धर्मप्रचार करायचा आणि वेळ मिळाला की हातोडी घेऊन टाकळी आणि सीताबर्डीच्या आसपास दगड फोडत हिंडायचं. फळं, बिया, किड्यांचे पंख, गोगलगायी असा खजिनाच त्यांनी लंडनला धाडला. हिस्लॉपचा १८६० सालचा शोधनिबंध आला तेव्हा त्यातले ऑस्ट्रॅकॉड तपासून टिपण लिहिलं टी. रुपर्ट जोन्स यानं. हा गृहस्थही मूळचा वैद्यकीचाच, पुढे सँडहर्स्टच्या लष्करी महाविद्यालयात भूविज्ञानाचा प्राध्यापक झाला. विसाव्या शतकात भारतीय संशोधकांनी दख्खनच्या एका ऑस्ट्रॅकॉडला पॅरासायप्रेटा जोन्सी असं नाव देऊन त्याची आठवण राखली.

हिस्लॉपचा शेवट करुण झाला. सप्टेंबर १८६३मध्ये टाकळघाटजवळची प्राचीन शिळावर्तुळं पाहून परतताना पावसानं फुगलेल्या ओढ्यात तो बुडाला. त्याच्या नावाचं कॉलेज नागपुरात आजही आहे. तिथून पदवी घेतलेल्या किती जणांना या पाद्र्याच्या हातोडीची गोष्ट ठाऊक असेल?

हिस्लॉपनं या थरांना टर्शरी, म्हणजे डायनासोर संपल्यानंतरच्या काळातलं मानलं होतं. पुढे यावर शंभराहून अधिक वर्षं वाद चालला. आता बहुतेक आंतरट्रॅपी थर क्रिटेशियसच्या, म्हणजे डायनासोरांच्या शेवटच्या कालखंडाच्या, अगदी अखेरीचे, काही त्या सीमेपलीकडचे, यावर एकमत आहे. ऑस्ट्रॅकॉडनी या वादात साक्ष दिली खरी, पण दोन वेगवेगळ्या तऱ्हेची. काहींनी त्यांचं नातं चीन-मंगोलियाच्या जातींशी जोडलं. नंतर सुनील बाजपेयी आणि रॉबिन व्हॉटली या जीवाश्म-अभ्यासकांनी बारकाईनं तपासल्यावर दिसलं, की बहुतेक जाती फक्त भारतातल्याच आहेत. तेव्हा भारत आशियाला चिकटलेला नव्हता, समुद्रातून उत्तरेकडे सरकणारं बेट होता. त्या एकांताशी हे छान जुळतं.

दर लाव्हानंतर नव्या तळ्यात हे पुन्हा कुठून यायचे? इथे सार्सचा चिखल आठवतो. वाऱ्यावरची सुकी अंडी, आणि नराशिवाय प्रजा वाढवण्याची सोय. एक अंडं पोचलं तरी तळं भरलं. पण त्यामुळेच टाकळीच्या थरातला आणि शंभर किलोमीटरवरच्या थरातला ऑस्ट्रॅकॉड पुष्कळदा एकच निघतो, आणि कुठला थर आधीचा ते त्यावरून ठरत नाही. माझं मत विचाराल तर दख्खनमध्ये हे जीव वयापेक्षा पत्ता जास्त चांगला सांगतात.

पत्त्याचं एक झकास उदाहरण छिंदवाड्याजवळच्या झिलमिलीचं. तिथे गोड्या पाण्याच्या ऑस्ट्रॅकॉडच्या मधोमध एका थरात निमखाऱ्या पाण्यातले ऑस्ट्रॅकॉड आले, आणि सोबतीला तरंगणारे समुद्री फोरॅमिनिफेरा. नागपूरच्या उत्तरेला, भारताच्या ऐन पोटात, समुद्राचं पाणी! २००९ साली गेर्टा केलर ही संशोधक आणि तिच्या भारतीय सहकाऱ्यांनी हे प्रसिद्ध केलं. फोरॅमिनिफेरानं तारीख दिली, डायनासोर संपल्यानंतर लगेचची. ऑस्ट्रॅकॉडनं सांगितलं पाणी कसं होतं.

जाता जाता एक मावसभाऊही सांगून टाकतो. नागपूरच्या दक्षिणेला मांगली गावच्या लालसर खडकांत दोन झाकणांचेच, पण वेगळ्या गटातले एस्थेरिया नावाचे कवचधारी सापडतात. डबक्यात जन्मायचं, पाणी आटायच्या आत अंडी घालून मोकळं व्हायचं, असा यांचा खाक्या. जोन्सनंच १८६२ साली त्यातल्या एका जातीला मांगलीचं नाव दिलं: एस्थेरिया मांगालिएन्सिस. तो थर ट्रायासिक काळातला, म्हणजे दख्खनच्या लाव्हाच्या तिपटीहून अधिक जुना. आमच्या विदर्भातल्या एका खेड्याचं नाव असं जगभरच्या जीवाश्म-ग्रंथांत गेलंय.

तुमच्यासाठी एक काम

विदर्भात किंवा मराठवाड्याच्या पूर्व टोकाला रस्ता रुंद करायला, विहीर खणायला, खाणीला डोंगर कापलेला दिसला, तर दोन काळ्या थरांच्या मध्ये नजर टाका. तांबडा पट्टा असेल तर ती बहुधा लाव्हानं भाजलेली माती, त्यात फारसं काही मिळत नाही. पण पांढुरका, राखी किंवा हिरवट पट्टा दिसला, त्यात गोगलगायींचे शंख दिसले, तर थांबा. फोटो काढा, जागा टिपून ठेवा आणि जवळच्या कॉलेजच्या भूविज्ञान विभागाला किंवा नागपूरच्या भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या कार्यालयाला कळवा. हातोडी चालवू नका, नमुने घरी नेऊ नका. जेसीबी पुढच्या आठवड्यात तो पट्टा खरवडून टाकणार असतो, तेव्हा फोन त्याच दिवशी करा.